रिपोर्टमधला पांढरा डाग

मॅमोग्राफीचा लिफाफा हातात पडला की घरात पहिल्यांदा तो इंग्रजी येणारा मुलगा किंवा सून उघडते. त्यात ‘लीजन’, ‘कॅल्सिफिकेशन’, ‘असिमेट्री’ असले शब्द दिसतात आणि वाचणाऱ्याचा चेहरा उतरतो. तो चेहरा बघूनच बाईचे हातपाय गळतात. मग डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत चार दिवस कुणी धड जेवत नाही. सोलापुरात सात रस्त्याला उतरून, रंगभवन, मोदी, विजापूर रोड अशा कुठल्या तरी दिशेला रिक्षा करून दवाखाना गाठणाऱ्या बायकांमध्ये असे लिफाफे घेऊन आलेल्या कितीतरी असतात. कुणी अक्कलकोटची, कुणी मंगळवेढ्याची, कुणी सीमेपलीकडून इंडीहून आलेली. त्यातल्या बहुतेकींच्या फोटोत जे दिसलेलं असतं, तो कॅन्सर नसतो.

हे धीर देण्यापुरतं बोलणं नाही. अमेरिकेत, जिथे तक्रार नसतानाही बायका ठरावीक वयानंतर नेमाने मॅमोग्राफी करून घेतात, तिथे हजारजणींमागे साधारण शंभरजणींना ‘पुन्हा या, आणखी फोटो काढू’ असा निरोप जातो. त्या शंभरातून शेवटी कॅन्सर निघतो तो पाच-सहाजणींना. उरलेल्यांच्या फोटोत पाण्याची गाठ असते, जुन्या माराची खूण असते, चुन्याचे निरुपद्रवी कण असतात, नाहीतर नुसतीच एकावर एक आलेली सावली असते. हे साधे बदल कसे दिसतात आणि ते साधे आहेत हे डॉक्टर कशावरून ठरवतात, एवढं कळलं तरी ते चार दिवस पुष्कळ सुसह्य होतील असं मला मनापासून वाटतं.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद घट्ट दाबून धरतात. एक फोटो वरून खाली आणि एक तिरका, असे प्रत्येक बाजूचे दोन, एकूण चार फोटो निघतात. दाबल्याने त्रास होतो, हे खोटं कशाला सांगायचं? पण दाबल्यामुळेच आतले थर पसरतात, सावल्या एकमेकींवर चढत नाहीत आणि किरणही कमी लागतात. हवा, माती, अन्न यांतून आपल्याला जेवढा किरणोत्सर्ग दोनेक महिन्यांत आपोआप मिळतो, साधारण तेवढाच या चार फोटोंना पुरतो.

फोटोत चरबी काळसर दिसते आणि दुधाच्या ग्रंथी व त्यांना धरून ठेवणारे तंतू पांढरे दिसतात. पंचाईत अशी की कॅन्सरही पांढराच दिसतो, पाण्याची गाठही पांढरी आणि साधी घट्ट गाठही पांढरी. म्हणून पांढरा डाग दिसला एवढ्यावर काहीच ठरत नाही. त्याचा आकार कसा, कड कशी, आत काय आहे आणि तो मागच्या फोटोत होता का, हे चार प्रश्न विचारल्यावर त्याला अर्थ येतो.

बर्लिनचे शल्यविशारद आल्बर्ट सालोमन यांनी १९१३ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे एक्स-रे काढून हा अभ्यास सुरू केला. उरुग्वेतल्या राउल लेबोर्न यांनी १९५० च्या आसपास स्तन दाबून फोटो घेण्यावर भर दिला आणि चुन्याच्या कणांच्या रूपावरून साधं कोणतं, संशयाचं कोणतं हे ओळखण्याची वाट दाखवली. आजही डॉक्टर त्याच वाटेने जातात, यंत्रं तेवढी बदलली.

आकारापासून सुरुवात करू. गोल किंवा लंबगोल, कड पेन्सिलने आखल्यासारखी स्पष्ट, अशी गाठ बहुतेक वेळा साधी असते. पस्तिशी ते पन्नाशीच्या बायकांत ती पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, असण्याची शक्यता मोठी. पाळीच्या आधी ती फुगते, दुखते, पाळी झाली की ओसरते, आणि पाळी कायमची गेल्यावर बहुतेकदा विरून जाते. विशीतल्या मुलीच्या हाताला लागणारी, बोटांखालून निसटणारी रबरासारखी गाठ बहुधा फायब्रोअ‍ॅडिनोमा असते. फोटोत या दोन गाठी वेगळ्या ओळखता येत नाहीत. एक्स-रेला पाणी आणि मांस सारखंच दिसतं. तिथे सोनोग्राफी कामी येते. पाणी असेल तर आतला भाग स्वच्छ काळा दिसतो आणि गाठीच्या मागचा भाग उजळतो. म्हणून मॅमोग्राफीनंतर सोनोग्राफी सांगितली म्हणजे काहीतरी भयंकर सापडलं, असा अर्थ काढू नये. पुष्कळदा तीच सोनोग्राफी ‘नुसतं पाणी आहे’ असं सांगून प्रकरण मिटवते. तिशीच्या आतल्या मुलींसाठी तर डॉक्टर सहसा सोनोग्राफीच आधी करतात.

दोन्ही बाजूंना अशा स्पष्ट कडांच्या अनेक गोल गाठी दिसल्या तर बाई जास्तच घाबरते. खरं तर एकसारख्या पुष्कळ गाठी दोन्हीकडे असणं हे बहुतेक वेळा साधेपणाचंच लक्षण असतं.

आता गाठीच्या आत काय आहे ते पाहू, कारण इथे एक फार उपयोगाचा नियम आहे. कड स्पष्ट असलेल्या गाठीत चरबी दिसली, म्हणजे ती काळसर दिसली, तर ती साधी. चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, पातळ पांढऱ्या आवरणाच्या आत पूर्ण काळी असते. हॅमार्टोमात चरबी आणि ग्रंथी दोन्ही मिसळलेल्या असतात, जणू स्तनात आणखी एक छोटा स्तन. स्तनातच असणारी छोटी लसिका ग्रंथी घेवड्याच्या दाण्याएवढी दिसते आणि तिच्या खाचेत चरबीचा काळा ठिपका असतो. अंगावर पाजणाऱ्या किंवा नुकतंच पाजणं सोडलेल्या आईच्या स्तनात दूध साठून झालेल्या गाठीचा फोटो तर पाहण्यासारखा असतो. बाई उभी असताना आडवा फोटो घेतला की दुधातला स्निग्ध भाग वर तरंगलेला आणि पाणचट भाग खाली बसलेला, मधे सरळ आडवी रेघ. निसर्गाने स्वतःच निदान लिहून ठेवावं इतकं ते स्पष्ट असतं.

चुन्याच्या कणांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण रिपोर्टमधल्या ‘कॅल्सिफिकेशन’ या शब्दाइतकी धास्ती दुसऱ्या कशाने बसत नाही. दूध जास्त प्यायलं, कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या म्हणून हे कण होतात, असं समजून कितीतरी बायका दूध सोडतात. आहारातल्या कॅल्शियमचा याच्याशी संबंध नाही. गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

चाळिशी-पन्नाशीनंतर चुन्याचे कण फार जणींच्या फोटोत दिसतात आणि त्यांतले बहुतेक ओळखीचे असतात. दोन समांतर पांढऱ्या रेषा वळत गेलेल्या दिसल्या तर त्या रक्तवाहिनीच्या भिंतीतला चुना. वय आणि मधुमेह यांच्याबरोबर हे वाढतं. स्तनाच्या दृष्टीने ते निरुपद्रवी असलं तरी हृदयविकाराच्या जोखमीशी त्याचा संबंध दिसून आलेला आहे, म्हणून ही ओळ आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना जरूर दाखवावी. मधोमध काळे, कडेने पांढरे असे बारके ठिपके बहुधा त्वचेतले असतात. नळीच्या दिशेने, निपलकडे तोंड करून असलेल्या जाड दांड्या बहुतेक करून साठीच्या पुढच्या बायकांत, दोन्ही बाजूंना दिसतात. त्या फुगलेल्या नलिकांमधल्या जुन्या स्रावाच्या असतात. तरुणपणीचा फायब्रोअ‍ॅडिनोमा पाळी गेल्यावर सुकतो आणि त्यात ओबडधोबड, ठसठशीत चुना भरतो. डॉक्टर त्याला पॉपकॉर्न कॅल्सिफिकेशन म्हणतात. तो एकदा पाहिला की विसरत नाही आणि त्यावर सुईची तपासणीही लागत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो ‘मिल्क ऑफ कॅल्शियम’ हा प्रकार. मोहरीहून बारक्या पाण्याच्या गाठींमध्ये चुन्याचा गाळ मोकळा तरंगत असतो. वरून घेतलेल्या फोटोत तो पुसट, गोल, धुरकट ठिपक्यांसारखा दिसतो आणि वाचणारा साशंक होतो. मग बाईला उभं ठेवून बरोबर बाजूने, नव्वद अंशांत फोटो घेतात. गाळ वजनाने तळाशी बसलेला असतो, म्हणून तेच ठिपके आता वर सपाट आणि खाली गोलसर अशा चंद्रकोरी होऊन दिसतात. आकार बदलला म्हणजे आत द्रव आहे, द्रव आहे म्हणजे ती साधी गाठ. फक्त कोन बदलला आणि एक शस्त्रक्रिया टळली. ‘पुन्हा फोटो काढायला या’ असा निरोप येतो तो अशाच कामासाठी.

संशयाचे कण वेगळे असतात. ते फार बारीक असतात, एकासारखा दुसरा नसतो, तुटक रेघेत किंवा फांद्या फुटल्यासारखे आणि एकाच भागात दाटीने बसलेले असतात. असे दिसले की तुकडा काढून तपासणं भाग असतं. आणि त्यांतलेही बरेच शेवटी साधे निघतात.

काही साधे आजार मात्र कॅन्सरचं हुबेहूब सोंग घेतात. स्तनाला मार बसला, किंवा आधी शस्त्रक्रिया झाली, तर तिथली चरबी मरते. महिन्या-दोन महिन्यांनी तिथे टणक गाठ लागते, वरची कातडी आत ओढली जाते, आणि मार बसल्याचं बाई तोवर विसरूनही गेलेली असते. एसटीत दांड्यावर आपटलं होतं, लेकराचं डोकं जोरात लागलं होतं, हे आठवून सांगितलं तर डॉक्टरांना मोठी मदत होते. पुढे त्याच जागी तेलाची गाठ होते, आत काळी आणि भोवती अंड्याच्या टरफलासारखं चुन्याचं पातळ कवच. तेव्हा शंका उरत नाही.

आपल्याकडे स्तनाचा क्षयही दिसतो. गाठ, सूज, कधी वाहणारी जखम, काखेत गुठळ्या, आणि फोटोत वेडीवाकडी पांढरी छाया. बाळंतपणानंतर काही वर्षांनी तरुण बायकांना होणारी ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस ही सूजही अशीच दिसते. दोन्हींत नुसत्या फोटोवरून निर्णय घेणं धोक्याचं. तुकडा तपासला की क्षय असेल तर क्षयाच्या गोळ्यांनी बाई बरी होते, स्तन काढावा लागत नाही.

सोलापूर जिल्ह्याला हत्तीरोगही नवा नाही. डासांतून शरीरात जाणारी ती कृमी क्वचित स्तनातल्या लसिकावाहिन्यांत मरते आणि तिच्यावर चुना चढतो. फोटोत ती बारीक, नागमोडी, वळलेल्या दोऱ्यासारखी दिसते. ज्या देशात हा रोग नाही तिथल्या डॉक्टरला ते कोडं पडेल. इथल्या डॉक्टरला मात्र बाई कुठल्या गावची, हे विचारून उलगडा होऊ शकतो. हातावर किंवा छातीवर गोंदवलेलं असेल तर त्याची शाई काखेतल्या ग्रंथींत उतरून तिथेही कधी पांढरे कण दिसतात. म्हणून गोंदण आहे हे तपासणीच्या आधीच सांगावं.

आणि पावडर. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो, घामाने जीव नकोसा होतो, काखेत आणि स्तनांखाली टाल्कम पावडर लावल्याशिवाय बाई घराबाहेर पडत नाही. काही पावडरींचे आणि डिओडरंटांचे कण फोटोत चुन्याच्या कणांसारखेच चमकतात. तपासणीच्या दिवशी अंघोळ करून कोरडं होऊन जावं, काही लावू नये. एवढ्या साध्या गोष्टीने एक फेरी आणि चार दिवसांची धास्ती वाचते.

आता रिपोर्टची शेवटची ओळ. तिथे ‘बायरॅड्स’ आणि पुढे एक आकडा असतो. अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संस्थेने १९९३ मध्ये ही पद्धत आणली आणि आता ती सगळीकडे चालते. एक म्हणजे काही सापडलं नाही, दोन म्हणजे सापडलं ते नक्की साधं. शून्य हा आकडा पाहून काहींना हायसं वाटतं तर काहींच्या पोटात गोळा येतो. दोन्ही चूक. शून्य म्हणजे तपास अपुरा आहे, आणखी फोटो, सोनोग्राफी किंवा जुने फोटो हवेत. चारला तुकडा तपासायचा. पण चारमध्येही शंकेची पातळी शेकडा दोनपासून पंचाण्णवपर्यंत पसरलेली असते, म्हणून त्याला अ, ब, क असे पोटभाग करतात. पाच म्हणजे कॅन्सरची दाट शंका. सहा हा आकडा कॅन्सर आधीच सिद्ध झालेल्यांसाठी.

खरं घोडं अडतं ते तीनवर. तीन म्हणजे बहुधा साधं, कॅन्सरची शक्यता शेकडा दोन किंवा त्याहून कमी. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो, मग पुढे दोन-तीन वर्षं लक्ष. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. एडवर्ड सिकल्स यांनी १९९१ मध्ये अशा ३१८४ जणींचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांत कॅन्सर निघाला तो १७ जणींत, आणि त्यांतल्या १५ जणींचा हाताला लागण्याआधीच फोटोतल्या बदलावरून पकडला गेला. म्हणजे थांबणं सुरक्षित आहे, पण अट एकच, सहा महिन्यांनी यायचं.

आणि तिथेच आपल्याकडे गळती होते. सोलापुरात हजारो बाया विड्या वळतात आणि मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, वर तपासणीचा आणि रिक्षाचा खर्च. ‘साधंच आहे म्हणाले ना, मग कशाला परत?’ हा प्रश्न तिच्या बाजूने रास्त आहे. तो तिच्या अडाणीपणातून येत नाही, तिच्या हिशेबातून येतो. म्हणून तीनचा रिपोर्ट देताना पुढची तारीख मोठ्या अक्षरांत मराठीत, आणि पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांसाठी तेलुगूतही, लिहून द्यायला काय हरकत आहे? माझ्या मते हे डॉक्टरांचं कामच आहे.

काही जणींच्या रिपोर्टमध्ये स्तन ‘डेन्स’ असल्याचं लिहितात. हा आजार नाही, ठेवण आहे. चरबी कमी आणि ग्रंथी जास्त, त्यामुळे फोटो जास्त पांढरा, आणि पांढऱ्यात पांढरं लपू शकतं. अशा वेळी सोनोग्राफीची जोड देतात. तरुण वयात ही ठेवण नेहमीची असते, आणि आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरीने कमी वयात आढळतो. म्हणून फोटो स्वच्छ आला तरी हाताला लागणारी गाठ तशीच सोडून द्यायची नसते.

हाताच्या तपासणीची किंमत महाराष्ट्रानेच जगाला दाखवून दिली. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून झोपडवस्तीतल्या दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही. आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते आणि तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने गावोगावी तपासणी नेली. सरकारनेही २०१६ मध्ये तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी आरोग्यसेविकेकडून तपासणी करायचं ठरवलं आहे. आपल्या आरोग्य केंद्रात ती मागायला लाजू नये.

इंग्लंडजवळच्या वेल्समधले ह्यूज, मॅन्सेल आणि वेबस्टर या तीन डॉक्टरांनी १९८७ मध्ये मांडलेला विचार मला फार मोलाचा वाटतो. स्तनातले बहुतेक साधे बदल हे रोग नसून वाढणं, दर महिन्याचं भरणं-ओसरणं आणि उतारवयात आकसणं या नेहमीच्या क्रियांतलेच थोडे कमी-जास्त आहेत, असं त्यांनी सांगितलं. ज्या अवयवाची घडण वयाच्या प्रत्येक टप्प्यावर बदलते, त्याच्या फोटोत खुणा दिसणारच.

एक गैरसमज मात्र मुळापासून काढायला हवा. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने गाठ घेऊन वर्षभर बसलेल्या बायका उशिरा येतात. सुईच्या तपासणीने कॅन्सर पसरून जिवाला धोका होत नाही. उशीर मात्र जिवावर बेततो.

रिपोर्ट दोनचा असो की तीनचा, जुने फोटो फेकू नका. बस्त्याच्या पावत्या, रेशनकार्ड ठेवता त्याच पिशवीत ते ठेवा आणि पुढच्या वेळी नव्या दवाखान्यात जातानाही बरोबर न्या, कारण ‘हा डाग तीन वर्षांपूर्वीही एवढाच होता’ यासारखा दिलासा कुठलंही यंत्र देऊ शकत नाही. डॉक्टरांना बायरॅड्सचा आकडा आणि पुढची तारीख स्पष्ट विचारा. आणि हाताला टणक गाठ लागली, निपलमधून रक्ताळ पाणी आलं, निपल नव्याने आत ओढलं गेलं किंवा कातडीला खळी पडली, तर दुखत नसलं तरी, मागचा फोटो साधा आलेला असला तरी, त्याच आठवड्यात दाखवून या.